पवनचक्कीची रात्रीची घरघर : नियम काय आहे, घरकुल कुठे बांधावे, तक्रार कशी करावी

हा लेख कोणासाठी आहे?

तुमच्या गावाजवळच्या माळावर किंवा डोंगरावर पवनचक्की उभी असेल, किंवा लवकरच उभी राहणार असे कानावर आले असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकुल मंजूर झाले आहे आणि बांधायची जागा पवनचक्कीपासून फार लांब नाही, अशा लाभार्थ्यांनी तर तो बांधकामाआधी जरूर वाचावा.

जबलपूर जिल्ह्यात पवनचक्क्यांच्या मोठ्या रांगा नाहीत. मध्य प्रदेशातील वाऱ्याची वीज मुख्यतः माळव्यात, म्हणजे देवास, रतलाम, मंदसौर, धार या भागांत तयार होते. पण राज्यासाठी वीज विकत घेणारी मध्य प्रदेश पॉवर मॅनेजमेंट कंपनी जबलपूरच्या शक्ती भवनात आहे आणि उच्च न्यायालयाचे मुख्य पीठही जबलपुरातच आहे. बैतूल, छिंदवाडा, बालाघाट या मराठी बोलणाऱ्या सीमेवरच्या जिल्ह्यांची प्रकरणे याच पीठाकडे जातात. पलीकडे महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे आणि चाळकेवाडीचे पठार, सांगलीतील ढालगाव, धुळ्यातील ब्राह्मणवेल येथे पवनचक्क्या अनेक वर्षांपासून फिरत आहेत. आवाजाबाबतचे नियम केंद्र सरकारचे असल्याने दोन्ही राज्यांत सारखेच लागू होतात.

महत्त्वाचे मुद्दे

• राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत पवनचक्की उभारू नये, असे केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.
• निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६.
• पवनचक्कीचा खर्जातला आवाज सरकारी मोजमापात प्रत्यक्षापेक्षा बराच कमी दिसतो. त्यामुळे आकडा मर्यादेत असूनही झोपमोड होऊ शकते.
• आकडा मर्यादेत असला तरी ध्वनी नियमांतील नियम ८ खाली त्रास थांबवण्याची मागणी करता येते.
• हरित न्यायाधिकरणात जायचे असल्यास ६ महिन्यांची मुदत असते. वाट पाहत बसू नका.

हा आवाज नेमका कसला?

पवनचक्कीतून दोन प्रकारचे आवाज येतात. पहिला पात्यांचा. पाते हवा कापत जाते तेव्हा सूं-सूं असा आवाज येतो आणि तो लाटेसारखा वाढतो व कमी होतो. मिनिटाला १५ फेरे घेणाऱ्या तीन पात्यांच्या चक्कीत दर मिनिटाला ४५ वेळा एक पाते मनोऱ्यासमोरून जाते. म्हणून हा चढउतार साधारण दर सव्वा सेकंदाला जाणवतो. दुसरा आवाज यंत्राचा. वरच्या खोक्यातील गिअरबॉक्स, जनित्र आणि पंखे यांची एकसुरी घरघर त्यात असते.

या दोन्हींत काही भाग खर्जाचा असतो. साधारण २० ते २०० हर्ट्झ या पट्ट्याला कमी वारंवारतेचा आवाज म्हणतात. तबल्याच्या डग्ग्याचा घुमार किंवा लांब उभ्या ट्रकच्या इंजिनाची धडधड या पट्ट्यात येते. २० हर्ट्झच्या खालचा आवाज माणसाला सहसा ऐकू येत नाही. त्याला अवश्राव्य ध्वनी म्हणतात.

रात्रीच त्रास जास्त का होतो, याची तीन कारणे आहेत.

१. सूर्य मावळल्यावर जमिनीलगतचा वारा पडतो, पण शंभर-सव्वाशे मीटर उंचीवर तो वाहत राहतो. अंगणात पान हलत नसताना वर चक्की जोरात फिरत असते.
२. दिवसा वाहने, माणसे, गुरे यांचा गलबला आवाज झाकून टाकतो. रात्री तो नसतो.
३. दार-खिडकी लावली की वरच्या पट्टीतला आवाज अडतो. खर्ज मात्र भिंतीतून आणि पत्र्यातून आत येतो. म्हणून घरात गेल्यावर उलट घरघरच तेवढी उरते. पत्र्याचे छप्पर किंवा सैल खिडकी कधी कधी त्या सुरावर थरथरते.

तब्येतीला धोका आहे का?

याबाबत गावोगावी दोन टोकांचे बोलणे ऐकू येते. एकीकडे "काहीच होत नाही, सवय होते" असे सांगतात. दुसरीकडे "या आवाजाने आजार होतात, गर्भ पडतात" अशा गोष्टी पसरतात. आजवरच्या अभ्यासातून जे दिसते ते असे आहे.

• घराजवळ पोहोचणाऱ्या पवनचक्कीच्या आवाजाने बहिरेपण येत नाही. तो तेवढा मोठा नसतो.
• ऐकू न येणाऱ्या अवश्राव्य ध्वनीने आजार होतो, असा पुरावा मिळालेला नाही. फिनलंडमध्ये सरकारने करून घेतलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही तसा परिणाम आढळला नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये सांगितले की, पवनचक्क्यांमुळे आजार होतात याचा सुसंगत पुरावा नाही. मात्र जवळच्या आवाजाच्या परिणामांचा अधिक अभ्यास हवा.
• ऐकू येणारा आवाज मात्र चिडचिड आणि झोपमोड करू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शनात पवनचक्कीचा आवाज दिवस-रात्रीच्या भारित सरासरीने ४५ डेसिबलच्या खाली ठेवावा, असे सुचवले आहे.

म्हणून तक्रार करताना खरा त्रास लिहा: झोप किती वेळा मोडते, कोणाची मोडते, किती दिवसांपासून. सिद्ध करता न येणाऱ्या आजाराचा आरोप केला की सुनावणीत समोरचा पक्ष तेवढाच मुद्दा खोडून काढतो आणि झोपेचा खरा प्रश्न बाजूला पडतो. झोप सतत मोडत असेल तर आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि केस पेपर जपून ठेवा. मनावर ताण असेल तर टेलि-मानस या मोफत सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. छातीत दुखणे, सतत चक्कर येणे अशा तक्रारी "चक्कीमुळेच" असे धरून अंगावर काढू नका. कारण वेगळे असू शकते.

कोणते नियम लागू होतात?

१. ध्वनी प्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २०००

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली हे नियम आले आहेत. त्यात परिसरानुसार मर्यादा दिल्या आहेत.

• औद्योगिक परिसर : दिवसा ७५, रात्री ७० डेसिबल
• व्यापारी परिसर : दिवसा ६५, रात्री ५५ डेसिबल
• निवासी परिसर : दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल
• शांतता क्षेत्र : दिवसा ५०, रात्री ४० डेसिबल

रुग्णालय, शाळा-महाविद्यालय आणि न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. कोणता भाग कोणत्या गटात, हे राज्य सरकार ठरवते. अनेक खेड्यांचे असे वर्गीकरण स्पष्ट नसते. तक्रारीत आपल्या वस्तीचा उल्लेख "निवासी परिसर" असाच करा आणि किती घरे, किती माणसे राहतात ते लिहा.

२. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना, २२ ऑक्टोबर २०१६

जमिनीवरील पवन ऊर्जा प्रकल्पांसाठीच्या या सूचनांत दोन अंतरे दिली आहेत.

• आवाज कमी राहावा म्हणून राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत चक्की नको.
• सार्वजनिक रस्ता, रेल्वे, इमारती, सार्वजनिक संस्था आणि उच्च दाबाच्या वीजवाहिन्या यांपासून मनोऱ्याची उंची, अधिक पात्यांच्या घेराच्या व्यासाचा अर्धा भाग, अधिक ५ मीटर इतके अंतर हवे. उदाहरणार्थ, मनोरा १२० मीटर आणि घेराचा व्यास १४० मीटर असेल तर १२० + ७० + ५ = १९५ मीटर.

३. पर्यावरण मंजुरीचे काय?

पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकन अधिसूचना, २००६ च्या यादीत पवन ऊर्जा प्रकल्प नाहीत. त्यामुळे खाण किंवा औष्णिक वीज केंद्राआधी होते तशी पर्यावरण जनसुनावणी पवनचक्कीआधी होत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये पवन ऊर्जेला सर्वांत कमी प्रदूषणाच्या "पांढऱ्या" गटात ठेवले. धूर आणि सांडपाणी नसल्याने हे वर्गीकरण समजण्यासारखे आहे. पण त्याचा एक परिणाम तुम्ही लक्षात घ्यायला हवा: चक्की उभी राहण्याआधी कोणी अधिकारी तुमच्या दारात येऊन आवाजाबद्दल विचारील, याची खात्री नाही. विचारणे तुम्हालाच करावे लागते.

मोजमापातली अडचण समजून घ्या

"अधिकारी आले, यंत्र लावले, आवाज मर्यादेत आहे म्हणाले आणि गेले." अशी तक्रार असेल तर अधिकारी खोटे बोलले असेच नाही. अडचण मोजण्याच्या पद्धतीत आहे.

नियमातील मर्यादा "डेसिबल-ए" या मापात आहेत. माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून या मापात खालच्या सुरांतून ठरावीक आकडा वजा केला जातो. १०० हर्ट्झला सुमारे १९, ५० हर्ट्झला सुमारे ३० आणि २० हर्ट्झला सुमारे ५० डेसिबल वजा होतात.

उदाहरण पाहा. घरात ५० हर्ट्झची ६० डेसिबलची घरघर येत आहे. हा सूर साधारण ४४ डेसिबलपासून ऐकू येऊ लागतो, म्हणजे ६० ला तो स्पष्ट ऐकू येणार. पण डेसिबल-ए मापात त्याचा आकडा फक्त ३० भरेल. रात्रीची मर्यादा ४५. कागदावर सगळे ठीक, आणि घरात झोप नाही.

दुसरी अडचण तक्रारीच्या नियमात आहे. नियम ७ नुसार आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक जास्त असेल, किंवा रात्रीसाठी घातलेल्या निर्बंधांचा भंग झाला असेल, तर तक्रार करता येते. निवासी भागात रात्री ४५ अधिक १०, म्हणजे ५५. आजच्या मोठ्या चक्कीचा आवाज ५०० मीटरवर साधारण ४० ते ४५ डेसिबल-ए च्या आसपास येतो. फक्त आकड्यावर विसंबून केलेली तक्रार म्हणून बहुतेक वेळा टिकत नाही.

काही देशांनी ही त्रुटी ओळखून वेगळी मर्यादा केली आहे. डेन्मार्कमध्ये २०१२ पासून घराच्या आत, १० ते १६० हर्ट्झच्या पट्ट्यात, पवनचक्कीचा आवाज २० डेसिबल-ए पेक्षा जास्त नसावा असा नियम आहे. आपल्या २००० च्या ध्वनी नियमांत खर्जासाठी अशी वेगळी मर्यादा नाही.

मग हातात काय उरते? दोन गोष्टी: ५०० मीटरचे अंतर आणि नियम ८.

नियम ८ मध्ये डेसिबलची अट नाही. एखाद्या धंद्यातून, कामातून किंवा प्रक्रियेतून होणाऱ्या आवाजामुळे लोकांना त्रास, व्यत्यय, अस्वस्थता किंवा इजा होत असेल, तर प्राधिकारी लेखी आदेश काढून तो आवाज थांबवू किंवा नियंत्रित करू शकतात. पोलीस ठाण्याच्या अहवालावरून किंवा तक्रारदाराने दिलेल्या माहितीवरूनही हा आदेश काढता येतो. प्राधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा सरकारने नेमलेला, पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी. तुमच्या अर्जात "नियम ८ खाली" हे शब्द असले पाहिजेत.

घरकुल लाभार्थ्यांनी आधी हे पाहावे

५०० मीटरची सूचना पवनचक्की उभारणाऱ्याला आहे. आधीच उभ्या असलेल्या चक्कीजवळ तुम्ही नंतर घर बांधले, तर ती सूचना तुमच्या मदतीला येत नाही. आधी कोण होते, हा प्रश्न म्हणून सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ किंवा दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. हे घर एकदाच होते. जागा ठरवण्याआधी पुढील गोष्टी करा.

१. जागेवर रात्री जा. वाऱ्याच्या हंगामात, साधारण मे ते सप्टेंबर, रात्री ११ नंतर तासभर थांबून ऐका. दिवसा दुपारी पाहिलेली जागा पुरेशी नाही.
२. मोबाइलच्या नकाशावर चक्कीच्या पायथ्यापासून जागेपर्यंतचे सरळ अंतर मोजा. रस्त्याचे अंतर धरू नका.
३. दुसरी जागा शक्य असेल तर ५०० मीटरच्या बाहेरची निवडा. एका चक्कीचा आवाज अंतर दुप्पट झाले की साधारण ६ डेसिबलने घटतो. २५० वरून ५०० मीटरवर गेल्याने कानाला मोठा फरक पडतो.
४. जागा बदलायची असेल तर पहिला हप्ता मिळण्याआधी ग्रामपंचायतीत सांगा. भौगोलिक खूण लावून जागेचा फोटो घेतल्यावर बदल करणे अवघड जाते.
५. जागा बदलता येत नसेल तर झोपायची खोली चक्कीच्या विरुद्ध बाजूला ठेवा. पत्रा घट्ट बसवा, खिडकीच्या फटी बुजवा. याने खर्ज पूर्ण थांबत नाही, पण थरथर कमी होते.

ज्यांचे घर आधीपासून आहे त्यांनी ते कागदावर आणावे. गावठाणातील घराला स्वामित्व योजनेतून मिळालेले मालमत्ता पत्रक हा चांगला पुरावा आहे. शेतातील वस्तीवरची घरे स्वामित्वच्या मोजणीत सहसा येत नाहीत, आणि चक्कीच्या सर्वांत जवळ बहुधा हीच घरे असतात. अशांनी जुने वीजबिल, नळजोडणीची पावती, घरपट्टी, शिधापत्रिकेवरील पत्ता, घरकुलाचे मंजुरीपत्र, ७/१२ किंवा खसऱ्यावरील नोंद यांपैकी जे असेल ते एकत्र करावे. तारीख चक्की उभी राहण्याआधीची असावी.

चक्की उभी राहण्याआधी काय करावे?

हीच वेळ सर्वांत उपयोगाची असते. एकदा मनोरा उभा राहिला की तो हलवणे जवळजवळ अशक्य असते.

• मोजणीचे लोक आले, खांब रोवले गेले किंवा माती परीक्षण सुरू झाले की ग्रामसभेत विषय मांडा. किती चक्क्या, कोणत्या गटात किंवा खसऱ्यात, सर्वांत जवळचे घर किती मीटरवर, हे लेखी विचारा आणि इतिवृत्तात नोंदवायला सांगा.
• अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे पेसा कायद्याच्या गावांत, जमीन संपादनाआधी ग्रामसभेचा सल्ला घ्यावा लागतो.
• मध्य प्रदेशात ऊर्जा विकास निगम, भोपाळ आणि महाराष्ट्रात महाऊर्जा, पुणे या राज्यस्तरीय संस्था आहेत. माहिती अधिकारात चक्क्यांच्या जागांचा नकाशा मागा. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.
• तुमची जमीन भाड्याने किंवा विकत मागितली असेल तर करारात घरापासूनचे अंतर, रात्रीच्या आवाजाबाबत तक्रार आल्यास काय करणार आणि मुदत संपल्यावर मनोरा कोण काढणार, हे लिहून घ्या. भाडे एकाला आणि आवाज शेजाऱ्याला, असे होऊ नये म्हणून वस्तीतल्या सर्वांनी एकत्र बसून बोलावे.
• जुन्या, लहान चक्क्या काढून मोठ्या बसवण्यासाठी केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये धोरण आणले आहे. तुमच्याकडील जुन्या चक्क्या बदलणार असतील तर नव्या जागेचे अंतर पुन्हा तपासण्याची मागणी त्याच वेळी करा.

चक्की सुरू झाली आहे आणि त्रास होतो. पायऱ्या अशा

पायरी १ : नोंदवही ठेवा. किमान १५ रात्री लिहा. तारीख, वेळ, वारा कोणत्या दिशेचा, मनोऱ्यावर रंगवलेला चक्कीचा क्रमांक, खिडकी उघडी की बंद, आवाज कसा होता, घरातले कोण जागे झाले. शेजाऱ्यांनीही वेगळी वही ठेवली तर वजन वाढते. मोबाइलवरील ॲपचा आकडा पुरावा म्हणून कच्चा आहे, कारण मोबाइलला खर्ज नीट पकडता येत नाही.

पायरी २ : अंतर मोजून घ्या. मध्य प्रदेशात पटवारी, महाराष्ट्रात तलाठी म्हणजे ग्राम महसूल अधिकारी यांच्याकडे पंचनाम्याचा अर्ज द्या.

पायरी ३ : कंपनीला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. चक्की काढून टाका, ही मागणी सहसा मान्य होत नाही. करता येण्याजोग्या गोष्टी मागा: रात्री १० ते ६ कमी आवाजाच्या पद्धतीवर म्हणजे कमी वेगाने चालवणे, खराब गिअरबॉक्स किंवा बेअरिंग दुरुस्त करणे, झिजलेली पाती नीट करणे, पात्याच्या मागच्या कडेला दातेरी पट्टी बसवणे. आवाज अचानक वाढला असेल किंवा शिट्टीसारखा सूर येत असेल तर बहुधा दुरुस्तीचा प्रश्न असतो आणि तो लवकर सुटू शकतो.

पायरी ४ : जिल्हाधिकाऱ्यांकडे नियम ८ खाली अर्ज करा. प्रत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला द्या. मंडळाकडे मोजणीची मागणी करताना तीन गोष्टी लिहा: मोजणी रात्री व्हावी, घराच्या आतही व्हावी, आणि "ए" बरोबर "सी" मापातही आकडा घ्यावा. "सी" मापात खर्ज फारसा वजा होत नाही. दोन आकड्यांत १५ ते २० डेसिबलचा फरक निघाला तर आवाजात खर्जाचा वाटा मोठा आहे, असे सामान्यतः मानले जाते. हा फरक अहवालात आला की तुमचे म्हणणे पुराव्यासह नोंदले जाते.

पायरी ५ : उत्तर न मिळाल्यास मध्य प्रदेशात १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, महाराष्ट्रात "आपले सरकार" पोर्टलवर तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडेही जाता येते.

पायरी ६ : राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. मध्य प्रदेशासाठी भोपाळ, महाराष्ट्रासाठी पुणे. वादाचे कारण प्रथम घडल्यापासून ६ महिन्यांत अर्ज करावा लागतो. सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात. भरपाई न मागणाऱ्या अर्जाला १,००० रुपये शुल्क आहे. बैतूल, छिंदवाडा, बालाघाटच्या रहिवाशांसाठी उच्च न्यायालयाचे जबलपूर पीठ, तर देवास, रतलाम, मंदसौर, धारसाठी इंदूर खंडपीठ आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या ध्वनी प्रदूषणावरील निकालात शांतपणे जगता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा.

वकील परवडत नसेल तर

महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि ठरावीक उत्पन्न मर्यादेखालील सर्वांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार मोफत वकील मिळतो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. जबलपुरात जिल्हा प्राधिकरणाबरोबर उच्च न्यायालयाची विधी सेवा समितीही आहे.

जबलपूर शहरातल्या वाचकांसाठी

पवनचक्की नसली तरी खर्जाचा त्रास शहरात आहेच. लग्नातील डीजेचा धडका, मोठा जनरेटर, पीठगिरणी, घराला लागून असलेला ट्रान्सफॉर्मर यांचा आवाज याच पट्ट्यात येतो. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण साधारण १०० हर्ट्झची असते. मोजमापाची तीच अडचण येथेही आहे आणि नियम ८ चा उपायही तोच आहे. मध्य प्रदेश सरकारने १३ डिसेंबर २०२३ रोजी भोंगे आणि डीजे यांच्या अनियंत्रित आवाजाविरुद्ध आदेश काढून जिल्ह्यांत उडनदस्ते नेमण्यास सांगितले. अशा तक्रारी जवळच्या पोलीस ठाण्यात द्या. १,००० केव्हीए पर्यंतच्या डिझेल जनरेटरला आवाजरोधक आवरण असले पाहिजे आणि त्यापासून १ मीटरवर आवाज ७५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा, असा नियम आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : घर ४०० मीटरवर आहे आणि चक्की २०१० ची आहे. ५०० मीटरची सूचना लागू होईल का?
उत्तर : ती सूचना २०१६ ची आहे, त्यामुळे आधीच्या चक्कीला तिचा आधार कमजोर पडतो. ध्वनी नियम मात्र २००० चे आहेत. नियम ८ खाली अर्ज करा.

प्रश्न : तक्रार केली तर माझे घरकुल किंवा रेशन थांबेल का?
उत्तर : नाही. आवाजाच्या तक्रारीचा कोणत्याही योजनेच्या पात्रतेशी संबंध नाही. कोणी तशी धमकी दिली तर ती तक्रारीत नमूद करा.

प्रश्न : आम्ही रस्ता अडवला तर लवकर सुटेल का?
उत्तर : त्यातून तुमच्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो आणि मूळ प्रश्न मागे पडतो. यंत्राला किंवा तारांना हात लावणे जिवावर बेतू शकते.

प्रश्न : एकट्याने तक्रार करावी की मिळून?
उत्तर : मिळून केलेली बरी, पण प्रत्येक घराचे अंतर आणि प्रत्येक घराची नोंदवही वेगळी जोडा.

आज करायचे काम

नकाशावर घर आणि सर्वांत जवळची चक्की यांतील अंतर मोजा. घराच्या तारखेचा एक जुना कागद शोधून फोटो काढून ठेवा. त्रास होत असेल तर आज रात्रीपासून वही सुरू करा. पुढचा प्रत्येक अर्ज या तीन गोष्टींवर उभा राहणार आहे.